फ्रीडम स्कूल: शिकवणारे कोण होते, शिकवलं काय, आणि पुढे काय झालं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्तीत शनिवार-रविवार वर्ग चालतो, कॉलेजची पोरं-पोरी शिकवायला येतात, कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये अमेरिकेतल्या फ्रीडम स्कूलबद्दल (नागरी हक्क चळवळीने 1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या शाळा) ऐकलं आणि आता "तसं काहीतरी" करायचंय. तर त्यांनी शिक्षक कुठून आणले, सिलॅबस काय होता, नंतर त्या शाळांचं काय झालं, पैसे कुणी दिले, आणि आपण कंपनीचा सीएसआरचा पैसा घ्यावा का. मी प्रौढ साक्षरता आणि शिक्षक-ट्रेनिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, त्या शाळांचे छापील कागद आणि तिथल्या लोकांच्या आठवणी कामासाठीच वाचत आलोय, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगून टाकतो. फ्रीडम स्कूल म्हटलं की लोक 1964 चा उन्हाळा उचलतात, झाडाखाली गोल करून बसलेली मुलं, गाणी, उत्तरेतून आलेले गोरे विद्यार्थी. हे सगळं होतं, खोटं नाही. पण काम झालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. शाळेच्या बाहेर एक खरीखुरी अडचण उभी होती, एक फॉर्म, एक ऑफिस, एक कारकून, आणि काय शिकायचं हे शिकणारा माणूस त्या अडचणीवरून ठरवत होता. आणि याची सुरुवात 1964 ची नाहीच, त्याच्या सात वर्षं आधी साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर झाली. म्हणून तिथून सुरू करतो.

तिथे इसॉ जेन्किन्स नावाचा माणूस बस चालवायचा. बेटावरची कृष्णवर्णीय माणसं रोज त्याच्या बसने चार्ल्स्टन शहरात कामाला जायची. मत द्यायचं तर यादीत नाव हवं, आणि नाव घालायचं तर रजिस्ट्रारसमोर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवायचा, हा तिथला नियम. जेन्किन्स बसमध्येच लोकांना घटनेचे कागद वाटून त्यातलं वाचून घ्यायला लागला. अ‍ॅलिस वाइन नावाच्या बाई त्याला म्हणाल्या की मला मत द्यायचंय पण मला नीट वाचता येत नाही, आणि त्यांनी तो भाग ऐकून ऐकून पाठच केला! पण पाठांतराने एकाचं भागेल, सगळ्या बेटाचं कसं भागणार.

जेन्किन्सला ओळखणाऱ्या होत्या सेप्टिमा क्लार्क. या बाई 1898 च्या, वडील गुलामगिरीत जन्मलेले. 1916 साली अठराव्या वर्षी त्या याच बेटावर मास्तरीण म्हणून आल्या होत्या, तेव्हा त्यांच्या शाळेत 132 मुलं आणि दोन शिक्षिका, आणि जवळच्या गोऱ्यांच्या शाळेत मुलं तीन! पुढे चाळीस वर्षं नोकरी झाल्यावर 1956 मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने एनएएसीपीचं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं, सदस्य राहायचं नाही. बाईंनी सदस्यत्व सोडलं नाही, नोकरी गेली, पेन्शनही गेली. आपण सगळे मिळून याचा निषेध करू म्हणून त्यांनी 726 कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रं पाठवली, उत्तरं आली 26. हा आकडा मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतो, कारण "शिक्षक घाबरतात हो" अशी तक्रार घेऊन दरवेळी कुणीतरी येतंच. घाबरणारच, पगारावर घर चालतं. बाईंनी त्यांना शिव्या घालण्यात वेळ घालवला नाही, त्यांनी ठरवलं की आता पगारी शिक्षक बघायचेच नाहीत.

टेनेसीत डोंगरात हायलँडर फोक स्कूल नावाची जागा होती, माइल्स हॉर्टनने 1932 मध्ये सुरू केलेली, जिथे गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र राहून, एका टेबलावर जेवून वर्कशॉप करायचे. तेव्हा दक्षिणेत हे करणं म्हणजे कायदा मोडणंच होतं. 1955 च्या उन्हाळ्यात, म्हणजे बसमधली सीट गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार देण्याच्या काही महिने आधी, रोझा पार्क्ससुद्धा तिथे येऊन गेल्या. जेन्किन्स आणि क्लार्क यांनी या हायलँडरची मदत घेतली, बेटावर एक जुनी इमारत घेतली, पुढे किराणा-दुकान आणि मागे वर्गाची खोली. दुकान एवढ्यासाठी की येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्यांना वाटावं लोक सामान घ्यायला येतायत. 7 जानेवारी 1957 ला पहिला वर्ग भरला, चौदा माणसं आली. जानेवारी का, तर तेव्हा शेतात काम कमी असतं. आठवड्यातून दोन रात्री, पीक उभं राहायच्या आत संपवायचं. असं वेळापत्रक ऑफिसात बसून नाही ठरत.

आता शिक्षक. तुमचा पहिला प्रश्न हाच आहे ना. क्लार्कबाईंनी निवडल्या बर्निस रॉबिन्सन, त्यांच्या नात्यातल्याच, धंद्याने ब्यूटी पार्लरवाल्या आणि शिवणकाम करणाऱ्या. शिक्षिका नव्हत्या म्हणूनच निवडल्या! एक म्हणजे शाळेतल्या शिक्षकाची मोठ्या माणसाला "चूक" म्हणायची सवय जात नाही. दुसरं जास्त व्यवहाराचं. रॉबिन्सनबाईंची सगळी गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय बायका, त्यामुळे कुणी गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. गल्लीतल्या दहा घरांतलं सुखदुःख पार्लरवालीला माहीत असतं, हे तर तुम्हीही जाणता.

पहिल्या रात्री त्यांनी प्राथमिक शाळेतलं साहित्य नेलं होतं आणि लगेच लक्षात आलं की पन्नाशीच्या माणसापुढे हे ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. मग विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं आली: स्वतःचं नाव लिहायचंय, बायबल वाचायचंय, मनीऑर्डरचा आणि कॅटलॉगवरून सामान मागवायचा फॉर्म भरायचाय, आणि मग मतदार यादीचं. बस, हाच सिलॅबस झाला. नाव लिहायला शिकवायची पद्धत बघा: जाड पुठ्ठ्यावर त्या माणसाचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं आणि त्याने त्यावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची, जोवर हाताला वळण बसत नाही तोवर. ज्या हाताने आयुष्यभर कुदळ धरली त्याची पेन्सिल सुरुवातीला मोडते, ती मोडू द्यायची. वाचनाचा धडा कुठून आणायचा? लोक दिवसभर काय केलं ते सांगायचे, शेतातलं, घरातलं, बाई ते लिहून घ्यायच्या आणि तेच वाचायला द्यायच्या. गणितही तसंच, खताचं, कुंपणाच्या तारेचं, पेट्रोलचं. आणि भिंतीवर त्यांनी युनोचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावून ठेवला होता, शेवटी हे अख्खं तुम्हाला वाचता आलं पाहिजे म्हणून. मला ही जोडी फार आवडते, खाली मनीऑर्डरचा फॉर्म आणि वर मानवी हक्क, आणि दोन्हींसाठी लागतात ती अक्षरं एकच.

परीक्षा आपल्या हातात नव्हती, ती रजिस्ट्रारच्या ऑफिसात. आपल्याकडच्या साक्षरता वर्गात पेपर आपणच काढतो, आपणच तपासतो आणि आकडा वर पाठवतो, इथे तसं चालणार नव्हतं. नाव यादीत आलं की पास.

राज्याला हे कळायला वेळ लागला नाही. 1959 मध्ये हायलँडरवर धाड पडली आणि 1961 मध्ये टेनेसीने ती संस्था बंदच केली. पण तोवर हे वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवून झाले होते, मग जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर सेंटरमध्ये क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग यांनी महिन्याला पाच दिवसांचं ट्रेनिंग सुरू केलं. दक्षिणेतल्या गावागावातून बस भरून माणसं यायची, शेतमजूर, स्वयंपाकिणी, न्हावी, आणि परत जाऊन आपल्या स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, दुकानात वर्ग लावायची. किती माणसं अशी तयार झाली ते मोजणं अवघड आहे पण हजारोंच्या घरात आहेत. नावं गाजली ती पुढाऱ्यांची, या बायकांची नाही, आणि क्लार्कबाईंनी हे नंतर स्पष्टच बोलून दाखवलंय की संघटनेत बायकांचं कुणी ऐकून घ्यायचं नाही.

आता मिसिसिपी. इथे अडचण आणखी घट्ट होती. मतनोंदणीच्या फॉर्ममध्ये एकवीस प्रश्न, राज्यघटनेतलं कलम उतरवून काढायचं, त्याचा अर्थ लिहायचा, आणि अर्थ बरोबर की चूक हे कारकून ठरवणार, कलमं 285 त्यातलं कुठलंही. वर अर्जदारांची नावं पेपरमध्ये दोन आठवडे छापायची, म्हणजे मालकाला आपोआप कळतंच. फॅनी लू हेमर 31 ऑगस्ट 1962 ला इंडियनोलाला नाव नोंदवायला गेल्या, नापास झाल्या, आणि ज्या मळ्यावर अठरा वर्षं राबल्या तिथून त्याच रात्री बाहेर पडावं लागलं. त्या वर्षी राज्यातल्या मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम 6.7 टक्के यादीत होते.

इथे चार्ली कॉब नावाचा स्निकचा कार्यकर्ता, म्हणजे विद्यार्थ्यांच्या चळवळीतला पूर्णवेळ पोरगा, त्याने डिसेंबर 1963 मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं, इथल्या शाळेत मुलांना शिकवतात ते मुख्यतः गप्प बसायला. प्रश्न विचारू नका, बोर्डावरचं उतरवा. पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेतून शेकडो विद्यार्थी येणार आहेत ना मतदार नोंदणीला, मग त्यांच्यातल्या काहींना शाळेला लावा आणि मुलांना प्रश्न विचारायला शिकवा. मार्च 1964 मध्ये न्यूयॉर्कला बैठक बसून अभ्यासक्रम तयार झाला, इतिहासाचे प्राध्यापक स्टॉटन लिंड संचालक झाले. अंदाज होता हजार मुलांचा. आली दोन हजारांच्या वर, शाळा 41. हॅटीसबर्गला पहिल्याच दिवशी पाचशेच्या वर नावं नोंदली, आणि त्यात ब्याऐंशी वर्षांचे एक आजोबा होते ज्यांना मतनोंदणीचा फॉर्म भरायला शिकायचं होतं.

मध्येच एक. आपल्याकडे कुणीतरी लगेच म्हणतं की हे तर फुल्यांनी शंभर वर्षं आधी केलं. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली हे खरंय, धागा आहेच. पण पुण्यात मुलींना आणि अतिशूद्रांना शाळाच नव्हती, ती उघडणं हीच लढाई होती. मिसिसिपीत शाळा होती, सरकारी होती, कृष्णवर्णीय शिक्षकच शिकवायचे, फक्त ती मुद्दाम अर्धी ठेवलेली. हॉली ब्लफ नावाच्या गावात स्थानिक निधीतून गोऱ्या मुलामागे 191 डॉलर खर्च व्हायचे आणि कृष्णवर्णीय मुलामागे 1 डॉलर 26 सेंट. काही भागात कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बंद आणि भर उन्हाळ्यात चालू, कारण मळ्याला हात हवेत. शाळा नसणं आणि असली शाळा असणं यावरची औषधं वेगळी लागतात, सरमिसळ करू नका.

हा हॉली ब्लफचा आकडा मी कुठे वाचला? फ्रीडम स्कूलच्याच अभ्यासक्रमात. मुलांना राज्याच्या खर्चाचे आकडे दिले जायचे आणि विचारायचं, असं का? नागरिकशास्त्राच्या भागात सात घटक होते. पहिल्यात आपली शाळा, घर, दवाखाना आणि गोऱ्यांची यांची तुलना. दुसऱ्यात उत्तरेत पळून गेलं तर सुटका होते का (शिकागोतल्या वस्त्यांची माहिती देऊन). तिसऱ्यात गोऱ्यांचं आयुष्य दिसतं तेवढं चांगलं आहे का. मग सत्ता कुणाच्या हातात आहे, मग गरीब कृष्णवर्णीय आणि गरीब गोरा यांच्यात भांडण कोण लावतं, मग वस्तू मोठ्या की माणसाच्या आतलं काही मोठं, आणि शेवटी चळवळ. यातून तीन प्रश्न सारखे फिरत राहायचे: त्यांच्याकडे असं काय आहे जे आपल्याला हवंय, असं काय आहे जे नकोय, आणि आपल्याकडचं काय जपायचंय. तुमच्या वर्गात एकच गोष्ट उचलायची असेल तर हा तिसरा प्रश्न उचला. वस्तीतल्या पोरांना तो सहसा कुणी विचारत नाही, आणि पहिल्यांदा विचारलात तर बराच वेळ कुणी बोलणार नाही, तेव्हा गडबडून स्वतःच उत्तर देऊ नका.

हे सकाळचं. दुपारी मुलं जे मागतील ते. आणि मागितलं काय? टायपिंग आणि फ्रेंच. क्रांतीचे स्वप्नाळू लोक यावर नाराज होतात पण त्यात चूक काय आहे, फ्रेंच गोऱ्यांच्या शाळेत होतं आणि यांच्या शाळेत नव्हतं, टायपिंग आलं तर कापसाच्या शेतातून सुटका. तुमची मुलं स्पोकन इंग्लिश आणि एक्सेल मागतील, द्या. पुष्कळ गावांत मुलांनी स्वतःचे सायक्लोस्टाइल पेपर काढले. मॅककोममध्ये चळवळीच्या घरावर जुलैत बॉम्ब पडला, चर्चवाले जागा द्यायला घाबरत होते म्हणून वर्ग अंगणात भरायचा, तिथल्या एका शाळकरी मुलीने मोठ्यांच्या त्या भित्रेपणावर कविता लिहिली आणि ती ऐकून जागा मिळाली.

ही भीती उगाच नव्हती. नेशोबा काउंटीत माउंट झायन चर्चने फ्रीडम स्कूलला जागा द्यायचं कबूल केलं होतं, जूनमध्ये ते जाळलं गेलं, ते बघायला गेलेले चळवळीचे तीन कार्यकर्ते, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर 21 जूनला बेपत्ता झाले आणि 4 ऑगस्टला मातीच्या बांधाखाली त्यांची प्रेतं सापडली. त्याच आठवड्यात मेरिडियनला सगळ्या शाळांच्या विद्यार्थी-प्रतिनिधींची परिषद भरली आणि पोरांनी घरं, नोकऱ्या, शाळा, पोल टॅक्स (मत देण्यासाठी भरावा लागणारा कर) यांच्यावर ठराव करून आपला जाहीरनामा बनवला. मोठ्यांनी लिहून दिलेला नाही.

आणि वर्गातलं बाहेर कसं जायचं त्याचं एक उदाहरण. 14 ऑगस्टला हॅटीसबर्गच्या शिक्षिका सँड्रा अ‍ॅडिक्स सहा विद्यार्थ्यांना घेऊन गावाच्या सार्वजनिक लायब्ररीत गेल्या, मुलांनी कार्ड मागितलं. कार्ड दिलं नाही, वर लायब्ररीच बंद केली. मग सगळे क्रेस नावाच्या दुकानात जेवायला गेले, मुलांना वाढायला तयार, त्यांच्याबरोबरच्या गोऱ्या बाईंना नाही! बाहेर पडल्यावर त्यांनाच भटकेगिरीच्या नावाखाली अटक. ती केस 1970 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि आजही अमेरिकेत वकिलीच्या वर्गात शिकवतात.

उणी बाजूही सांगतो नाहीतर उत्तर अर्धं राहील. सहा-सात आठवडे झाले आणि बरेचसे व्हॉलंटियर कॉलेज सुरू होतं म्हणून परत गेले. मुलांनी नुकतं बोलायला सुरुवात केली आणि ऐकणारा निघून गेला, हा धक्का लहान नसतो, तुमच्याकडे परीक्षेच्या सीझनला हेच होत असणार. नोंदणीचं काम धाडसाचं म्हणून पुरुषांना आणि शाळा "सोपी" म्हणून मुलींना, असाही भेद झाला. शिकलेले गोरे भराभर बोलतात आणि स्थानिक माणूस मागे सरकतो, यावर चळवळीत आधीपासून भांडणं होती आणि उन्हाळ्यानंतर वाढली. जॉन्स आयलंडला हा प्रश्न आला नाही कारण रॉबिन्सनबाई कुठे जाणार होत्या? म्हणून माझं मत, कॉलेजच्या पोरांना वर्गाचं मुख्य करू नका. वस्तीतली बारावी झालेली सून, रिक्षावाला, टेलरिंगवाली ताई असं कुणीतरी धरा, मानधन द्या, आणि कॉलेजवाल्यांना त्यांच्या हाताखाली ठेवा. आधी थोडी कुरकुर होईल, मग बसतं.

नंतर काय झालं? शाळा बहुतेक बंद पडल्या, थोड्या काही काळ चालल्या, पण मुलं सप्टेंबरमध्ये आपल्या नेहमीच्या शाळेत गेली ती वेगळी होऊन. फिलाडेल्फिया, मिसिसिपी इथे (तीच ती नेशोबा काउंटी) विद्यार्थी "एक माणूस एक मत" लिहिलेले बिल्ले लावून शाळेत गेले, मुख्याध्यापकाने घरी पाठवलं, पालक कोर्टात गेले आणि 1966 मध्ये अपील कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. पुढे 1969 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाच्या काळ्या पट्टीवरून झालेल्या प्रसिद्ध खटल्यात, शाळेतल्या मुलाला बोलायचा हक्क आहे की नाही याचा निकाल देताना सुप्रीम कोर्टाने याच निकालाचा आधार घेतला. इसाक्विना काउंटीत मात्र अशाच बिल्ल्यांवरून शेकडो मुलं निलंबित झाली आणि तिथल्या निकालात कोर्टाने शाळेची बाजू घेतली. मतांचं म्हणाल तर 1965 च्या मतदान हक्क कायद्याने त्या परीक्षाच काढून टाकल्या आणि 1967 पर्यंत मिसिसिपीत नोंदणी साठ टक्क्यांच्या जवळ गेली. यात शाळांचा वाटा किती, कायद्याचा किती, असं वेगळं काढता येणार नाही, पण कायदा आल्यावर रांगेत उभं राहायला तयार माणसं होती.

पैशांचं शेवटी, कारण तुम्ही सीएसआरचं विचारलंय. जॉन्स आयलंडपासून सुरू झालेल्या त्या वर्गांना, त्यांना नागरिकत्व वर्ग म्हणायचे, फील्ड फाउंडेशनचा पैसा होता, तो चर्चच्या संस्थेमार्फत यायचा. फ्रीडम स्कूलचे व्हॉलंटियर तर स्वतःच्या खर्चाने आले, जेवण-राहणं गावातल्या कृष्णवर्णीय घरांत, आणि ही घरं जो धोका पत्करत होती त्याची किंमत कुठल्याच बजेटात धरलेली नाही. 1965 मध्ये चळवळीतल्या बऱ्याच माणसांनी केंद्र सरकारच्या हेड स्टार्ट योजनेतून बालवाड्या काढल्या, चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी नावाने, हजारो मुलं आणि गावातल्याच बायका शिक्षिका म्हणून पगारावर, मळेवाल्याचा हात न लागलेला पगार. लगेच मिसिसिपीचे सिनेटर स्टेनिस हिशोबांच्या मागे लागले, चौकश्या, अनुदान अडवणं, 1966 मध्ये तर वॉशिंग्टनने दुसरी, जरा नरम संस्था पुढे करून पैसा तिकडे वळवायला घेतला. तेव्हा पैसा जरूर घ्या, पण वर्गाच्या जागेचं भाडं आणि त्या स्थानिक ताईंचं मानधन एवढं तरी वस्तीच्या वर्गणीतून निघेल असं बघा, बाकी पुस्तकं-प्रोजेक्टर कंपनीकडून आलं आणि उद्या बंद झालं तरी शनिवारी कुलूप उघडायला कुणाला विचारावं लागणार नाही.